सोळाव्या वर्षी ऐकलेलं गाणं आयुष्यभर का पुरतं?

सतराव्या-अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमधले तरुण पोटापाण्यासाठी परक्या राजांच्या फौजेत भरती होत. डोंगराळ मुलखातल्या या पोरांबद्दल एक गोष्ट तेव्हा युरोपभर सांगितली जायची. त्यांच्या पलटणीत गुराख्यांची एक ठरावीक चाल वाजवायला सक्त मनाई होती, आणि कोणी वाजवलीच तर थेट मृत्युदंड. कारण ती कानावर पडली की हे सैनिक ढसाढसा रडत, छावणी सोडून पळून जात, नाहीतर घराच्या ओढीने झुरून मरत. फ्रेंच विचारवंत रूसोने 1768 च्या आपल्या संगीतकोशात ही हकिकत नोंदवली आहे. तिच्यात थोडं तिखटमीठ असेलही, पण रूसोने पुढे जे लिहिलं ते फार मोलाचं आहे. तीच चाल परक्या माणसाला ऐकवली तर त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही, असं तो म्हणतो. त्या चालीत सैनिकांना आपलं तरुणपण, आपली माणसं, जुनी राहणी आठवते आणि ते सगळं हातचं गेल्याचं दुःख होतं. इथे चाल संगीत म्हणून काम करत नाही, आठवणीची खूण म्हणून करते.

लोकप्रिय संगीतावर आज जे संशोधन होतं, त्यातलं बरंचसं या एका निरीक्षणाभोवती फिरतं. गाणी तरुणांना घडवतात, बिघडवतात, वेड लावतात, असं आपण सहज बोलून जातो. पण गाणं नेमकं करतं काय? ते भावना कुठून जागी करतं? तरुण पोरं एखाद्या गाण्याभोवती का जमतात? आणि चाळीस वर्षांनी तेच गाणं लागलं की माणूस बोलता बोलता मधेच का थांबतो? ही कोडी वेगवेगळी दिसतात, पण माझ्या मते त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. गाण्याची अर्धी ताकद गाण्यात असते आणि उरलेली अर्धी ऐकणाऱ्याच्या वयात.

आठवणींचा उंचवटा

चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या आणि त्या कोणत्या वयातल्या आहेत याचा आलेख काढला, तर त्याचा आकार विचार करायला लावतो. अलीकडच्या आठवणी भरपूर असतात, ते साहजिकच आहे. मागे मागे जावं तशा त्या विरळ होत जातात. पण साधारण 10 ते 30 या वयाच्या पट्ट्यात आलेख पुन्हा वर चढतो. मानसशास्त्रात याला 'रेमिनिसन्स बम्प' म्हणतात, आपण आठवणींचा उंचवटा म्हणू. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये तो नीट मांडला.

गाण्यांच्या बाबतीत हा उंचवटा फारच ठळक दिसतो. 1989 मध्ये मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकन संशोधकांनी 16 ते 86 वर्षांच्या लोकांना 1932 पासून 1986 पर्यंतची लोकप्रिय गाणी ऐकवली आणि कोणतं किती आवडलं ते विचारलं. मग प्रत्येक गाणं बाजारात आलं तेव्हा त्या माणसाचं वय किती होतं, याचा हिशेब मांडला. आवड सगळ्यात जास्त भरली ती साडेतेवीस वर्षांच्या आसपास. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आवडीऐवजी आठवणींबद्दल विचारलं, म्हणजे कोणतं गाणं ऐकून स्वतःच्या आयुष्यातलं काही आठवतं असं. तिथे हा आकडा आणखी मागे, चौदाच्या आसपास गेला. विशीच्या सुरुवातीला आवड पक्की होते आणि आठवणी त्याच्याही आधीपासून गाण्यांना चिकटू लागतात, असं या दोन्हींवरून दिसतं.

हेच वय का? एक कारण उघड आहे. या वर्षांत बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात. पहिलं प्रेम, पहिला नकार, घरापासून पहिल्यांदा लांब राहणं, पहिली कमाई, जिवाभावाच्या मित्राशी पहिलं कडाक्याचं भांडण. मेंदू नव्या गोष्टी नीट जपून ठेवतो आणि रोजच्या सरावाच्या गोष्टी एकात एक मिसळून टाकतो. पस्तिसाव्या वर्षाचे दोन मंगळवार एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, पण कॉलेजचा पहिला दिवस काढता येतो.

दुसरं कारण मेंदूच्या वाढीत आहे. पौगंडावस्थेत भावना आणि बक्षिसाची गोडी सांभाळणारी यंत्रणा आधी जोमात येते, तर विचार करून लगाम घालणारा कपाळामागचा भाग पूर्ण तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो. मधल्या काळात सगळंच तीव्र लागतं. मोठी माणसं म्हणतात, एवढं काय त्या गाण्याचं मनावर घेतोस. पण त्या पोराला ते खरोखरच तेवढं लागलेलं असतं. तो नाटक करत नसतो, आणि ही गोष्ट घरातल्या मोठ्यांनी समजून घेतली तर पुष्कळ भांडणं टळतील.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. याच वयात माणूस 'मी कोण' याचं उत्तर जुळवत असतो. पुढच्या आयुष्यात स्वतःची जी गोष्ट तो स्वतःला सांगणार, तिची सुरुवातीची प्रकरणं इथे लिहिली जातात. त्या प्रकरणांत जी गाणी वाजत होती, ती गोष्टीचा भाग होऊन बसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेतले पीटर जनाता यांनी 2009 मध्ये तरुणांना त्यांच्या लहानपणची आणि किशोरवयातली लोकप्रिय गाणी ऐकवत त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. ज्या गाण्यांशी स्वतःची आठवण जोडलेली होती, ती लागली की कपाळामागचा मधला भाग जास्त कामाला लागायचा. स्वतःबद्दल विचार करताना जो भाग जागा होतो, तोच हा. रूसोने केवळ निरीक्षणावरून जे ताडलं होतं, त्याचा माग आता मेंदूत लागत होता.

मुखडा परत येतो तेव्हा

आता गाण्याच्या आपल्या अर्ध्या वाट्याकडे वळू. कारण नुसत्या आठवणीच सगळं काम करत असत्या, तर पहिल्यांदाच ऐकलेल्या गाण्याने अंगावर काटा आला नसता.

डोळे मिटून एखादं साधं चित्रपटगीत आठवा. मुखडा दोनदा झाला. अंतरा सुरू झाला, चाल वर चढली, शेवटची ओळ एका स्वरावर लांबत गेली आणि थांबली. ठेका क्षणभर गप्प. आणि मग मुखडा परत येतो. तो येणार हे तुम्हाला ठाऊक असतं, कधी येणार हेही जवळपास ठाऊक असतं, तरी तो आला की अंगातून काहीतरी सरसरत जातं. समेवर येण्याची मजा ज्याला कळते त्याला हे वेगळं समजावायला नको.

अमेरिकन अभ्यासक लेनर्ड मेयर यांनी 1956 मध्येच मांडलं होतं की संगीतातली भावना अपेक्षेतून जन्मते. कान पुढचा स्वर कोणता असेल याचा सतत अंदाज बांधत असतो. तो अंदाज खरा ठरवणं, थोडा लांबवणं, कधी चकवणं, या खेळातून ताण तयार होतो आणि सुटतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलरी सलिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हे मेंदूत पाहिलं. ज्यांना ठरावीक संगीत ऐकून हमखास शहारे येतात अशा लोकांना त्यांनी निवडलं आणि त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवलं. शहारा आला तेव्हा मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटलं, हे अपेक्षितच होतं. पण शहारा येण्याच्या काही सेकंद आधीही ते सुटत होतं, आणि मेंदूच्या वेगळ्या भागात. म्हणजे त्या आवडत्या जागेची वाट पाहणं हासुद्धा सुखाचाच एक भाग आहे.

डोपामिन खरंच सुखाचं कारण आहे की नुसतंच सोबत फिरतं, ही शंका रास्त होती. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बार्सिलोनात केलेल्या एका प्रयोगाने तिला उत्तर दिलं. त्यात लोकांना एकदा डोपामिन वाढवणारं औषध दिलं, एकदा त्याचं काम अडवणारं, आणि एकदा नुसती साधी गोळी. डोपामिन वाढलं तेव्हा संगीताचा आनंद वाढला, अडवलं तेव्हा घटला.

तरुण मुलं एकच गाणं दिवसातून वीसदा का लावतात, हेही यातून थोडं उलगडतं. अंदाज बांधायला गाणं ओळखीचं लागतं, आणि ते ओळखीचं होतं पुन्हा पुन्हा ऐकून. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवलं होतं की एखादी गोष्ट वारंवार समोर आली की केवळ तेवढ्यानेच ती जास्त आवडायला लागते. संगीतात हे एका मर्यादेपर्यंतच चालतं, त्यापुढे कंटाळा येतो. ती मर्यादा सोळाव्या वर्षी बरीच लांब असते.

अपेक्षा हा एकच रस्ता नाही. स्वीडनचे पॅट्रिक युस्लिन यांनी संगीत भावना कशी जागवतं याची अनेक वाटांनी मांडणी केली आहे. अचानक मोठा आवाज झाला की आपण दचकतो, तसा तालवाद्यांचा तडाखा थेट शरीरावर काम करतो. ठेक्याबरोबर पाय हलायला लागतो आणि शरीराच्या चालीबरोबर मनाची चालही बदलते. गाणाऱ्याचा आवाज भरून आला की आपलाही गळा दाटतो, जसं रडणाऱ्या माणसासमोर होतं. आणि मग आठवणी आहेतच. चांगल्या लोकप्रिय गाण्यात यातल्या तीन-चार वाटा एकाच वेळी उघडतात, म्हणून चार मिनिटांत एवढं काही होऊन जातं.

दुःखी गाण्यांचं काय? आधीच मन उदास असताना माणूस उदास गाणं का लावतो, हा प्रश्न अनेक आईवडिलांना पडतो. लिला तारुफी आणि श्टेफान कोल्श यांनी 2014 मध्ये 772 लोकांना विचारलं की दुःखी संगीत ऐकताना तुम्हाला काय वाटतं. सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर दुःख हे नव्हतंच. ते होतं स्मरणरंजन, नॉस्टॅल्जिया. दुःखी गाणं ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा आपल्यासारखंच कोणालातरी वाटलं होतं, याचा दिलासा मिळत असतो. मात्र इथे एक सावधगिरी हवी. ज्यांचा स्वभाव तेच तेच दुःख घोळवत बसण्याचा आहे, किंवा जे नैराश्यातून जात आहेत, त्यांना अशी गाणी कधी कधी आणखी खाली ओढतात. मूल उदास गाणी ऐकतं म्हणून घाबरायचं कारण नाही. गाणी ऐकून झाल्यावर ते हलकं होतं की आणखी मिटतं, एवढं पाहावं. ते मिटत जात असेल, झोप-जेवण सुटत असेल, तर गाणी बंद करून उपयोग नाही, त्याच्याशी बोलायला हवं आणि गरज पडली तर डॉक्टरांकडे जायला हवं.

आपलं गाणं, आपली माणसं

तरुण आधीपासून होतेच, पण तरुणांचं वेगळं संगीत ही गोष्ट बरीच अलीकडची आहे. त्यासाठी एक साधी सोय लागत होती: मोठ्यांच्या कानाआड ऐकता येणं. घरातला रेडिओ बैठकीच्या खोलीत असायचा आणि त्याचं बटण वडीलधाऱ्यांच्या हाती. 1949 मध्ये मिनिटाला 45 फेऱ्या घेणारी छोटी तबकडी आली, तिच्या एका बाजूला एकच गाणं मावायचं. 1954 मध्ये अमेरिकेत पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीला आला, हातात मावेल एवढा. मग कोणाचं गाणं कोणी, कधी आणि कुठे ऐकायचं, हे पोरांच्या हातात आलं. तरुणाईची संस्कृती घडण्यात गायकांइतकाच या लहानशा वस्तूंचा हात आहे, आणि त्यांना तेवढं श्रेय मिळत नाही.

जिथे बटण हातात द्यायला नकार मिळाला, तिथे पोरांनी वाट शोधली. सोव्हिएत संघात पाश्चात्त्य संगीतावर निर्बंध होते. तेव्हा लेनिनग्राडसारख्या शहरांत इस्पितळांतून टाकून दिलेल्या एक्सरेच्या फिल्म गोळा केल्या जात. कात्रीने त्यांना गोल आकार द्यायचा, मध्ये सिगारेटने जाळून भोक पाडायचं आणि घरगुती यंत्रावर त्यात गाण्याच्या खाचा कोरायच्या. उजेडात धरलं की तबकडीत कोणाच्या तरी बरगड्या दिसायच्या. आवाज खरखरीत, थोड्या वेळा वाजवली की संपली. अशा तबकड्या बनवणारे तुरुंगातही गेले. एखाद्या गाण्यासाठी तरुण मुलं एवढा धोका का पत्करतात, याचं उत्तर फक्त 'चाल छान आहे' असं असूच शकत नाही.

भारतात आणि ब्रिटनमध्ये प्रकरण सौम्य होतं, पण दोन्हीकडे एकच कथा घडली. 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांना चित्रपटगीतं हलकी वाटत. आकाशवाणीवर त्यांची जागा आटली, तसे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि अमीन सयानींची बिनाका गीतमाला घराघरांत पोहोचली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. ब्रिटनमध्ये बीबीसीवर तरुणांना हवं असलेलं संगीत फार थोडं वाजायचं. 1964 मध्ये रेडिओ कॅरोलाइनने समुद्रात जहाज उभं करून तिथून गाणी लावायला सुरुवात केली. 1967 मध्ये कायदा करून अशी बहुतेक केंद्रं बंद पाडली गेली, पण त्याच वर्षी 30 सप्टेंबरला बीबीसीला रेडिओ वन ही तरुणांची वाहिनी काढावीच लागली. दोन्ही ठिकाणी सरकारी यंत्रणेने चांगल्या अभिरुचीचा आग्रह धरला होता आणि दोन्ही ठिकाणी श्रोत्यांनी नुसतं बटण फिरवून निकाल लावला.

गाणं ओळखपत्रासारखं वापरलं जातं, हे याच्या मुळाशी आहे. अमेरिकेत पीटर रेंटफ्रो आणि सॅम गॉसलिंग यांनी 2006 मध्ये अनोळखी तरुणांना सहा आठवडे इंटरनेटवर एकमेकांशी ओळख करून घ्यायला सांगितलं. कशावर बोलायचं ते त्यांच्यावर सोडलं होतं. सर्वांत जास्त बोलणं झालं ते संगीतावर. तू काय ऐकतोस हे विचारलं की समोरच्याचे कपडे, मित्र, राग, स्वप्नं यांचा अंदाज येतो, निदान तसं वाटतं तरी.

मग 'आपलं' गाणं आपण खरंच निवडतो का? मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा 2006 मधला प्रयोग मला या विषयातला सगळ्यात डोळे उघडणारा वाटतो. चौदा हजारांहून जास्त लोकांना त्यांनी अनोळखी बँडची 48 गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं, आणि आपल्या गटातल्या इतरांनी कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड केलं ते त्यांना दिसत होतं. प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर गेली. एक गाणं एका गटात पहिलं आलं, दुसऱ्या गटात चाळिसावं. फार उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार सुमार गाणी सहसा वर चढली नाहीत, पण मधल्या मोठ्या घोळक्यातलं कोणतं गाजेल हे सुरुवातीच्या चार लोकांनी काय ऐकलं यावर ठरलं. 'या पिढीची आवडच अशी' असं म्हणताना हे ध्यानात ठेवावं. दुसऱ्या कोणत्यातरी गाण्यावर ती पिढी तितकंच प्रेम करू शकली असती.

आणि तरीही ते प्रेम खोटं नसतं, कारण ते गाण्याच्या निमित्ताने एकमेकांवर जडतं. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात 1520 सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली, शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून. तबकड्या लावायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह होता, ज्याला पुढे जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखू लागलं. त्याने नाचणाऱ्यांकडे नीट लक्ष दिलं होतं. गायन थांबून नुसता ताल उरतो तो छोटासा तुकडा आला की लोक पेटून उठतात, आणि तो काही सेकंदांत संपतो, हे त्याला दिसलं. मग एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावून, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू करायचा, अशी युक्ती त्याने बसवली. हिप-हॉपचा जन्म त्या रात्री झाला असं मानतात. तो तुकडा कोणता हे ठरवलं नाचणाऱ्यांच्या पायांनी.

एकत्र नाचण्या-गाण्यात शरीराचंही काम असतं. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की गाणं, नाच किंवा ढोल वाजवणं झाल्यावर माणसाची वेदना सोसायची ताकद वाढते. मेंदूत एंडॉर्फिन हे वेदना शमवणारं रसायन सुटल्याची ही खूण मानली जाते. त्याच गटाने ब्राझीलमधल्या शाळकरी मुलामुलींना एकत्र नाचवून पाहिलं. एकाच तालात नाचलेल्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. हजारो लोक एकच मुखडा एका सुरात म्हणतात तेव्हा अनोळखी माणूसही आपला वाटतो, तो असा.

त्यामुळे हेडफोनने काय बदललं हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. जुलै 1979 मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा त्याला हेडफोन लावायच्या दोन जागा होत्या आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की आवाज खाली जायचा आणि दोघांना गाणं चालू असताना बोलता यायचं. एकट्याने ऐकत बसणं समोरच्याला उद्धट वाटेल अशी कंपनीला काळजी होती. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं. लोकांना एकट्याने ऐकायचंच होतं. आज प्रत्येकाच्या फोनमधली यादी वेगळी, संगणकाने त्याच्या सवयी पाहून लावून दिलेली. पण माणसं गाणी पाठवतात, छोट्या व्हिडिओंत तोच तुकडा हजारो जण वापरतात, मैफिलींना तोबा गर्दी करतात. एकत्र ऐकण्याची भूक मेली नाही, ती दुसऱ्या दारांनी बाहेर पडते आहे.

'आमच्या वेळची गाणी'

नव्या गाण्यांनी तरुण बिघडतात ही तक्रार प्लेटोइतकी जुनी आहे. संगीताच्या रीती बदलल्या की राज्याचे कायदेही हलतात, असा इशारा त्याने दिला होता. 'आमच्या वेळची गाणी काही वेगळीच' हे वाक्य तर प्रत्येक पिढी मनापासून बोलते. ते खोटं नाही, अपुरं आहे. एक तर काळाची चाळणी असते. चाळीस वर्षांपूर्वीच्या सुमार गाण्यांचा ढीग आज कोणी वाजवत नाही, उरलेली निवडक गाणी आपण ऐकतो आणि त्यांची तुलना आजच्या सगळ्या ढिगाशी करतो. शिवाय आठवणींचा उंचवटा आहेच. त्या गाण्याला वाईट म्हटलं की माणसाला आपलं तरुणपण नाकारल्यासारखं वाटतं. म्हणून हा वाद पुराव्याने कधी मिटत नाही. आणि नातवाचंही नेमकं तसंच असतं. आजोबांनी त्याच्या गाण्याला गोंगाट म्हटलं की त्याला गाण्यावरची टीका ऐकू येत नाही, स्वतःवरची येते.

जुन्या आठवणींत रमणं म्हणजे हातपाय गाळणं, असा समज अजून आहे. योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1688 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे नॉस्टॅल्जियाचं वर्णन आजार म्हणूनच केलं होतं. साउथॅम्प्टन विद्यापीठातले कॉन्स्टंटिन सेडिकिडिस आणि टिम विल्डशुट यांनी 2006 पासून केलेल्या अभ्यासांनी वेगळं चित्र समोर आणलं. एकटेपणा, उदासी दाटली की माणसाला जुनं आठवतं, आणि ते आठवल्यावर आपल्याला माणसं आहेत ही जाणीव वाढते. 2013 च्या एका अभ्यासात जुनी गाणी ऐकून स्मरणरंजनात गेलेले लोक उद्याबद्दल जास्त आशावादी आढळले. मागे वळून पाहणं इथे पुढे जायला बळ देतं. अर्थात बाजाराला हे आपल्याआधी कळलं आहे. जुन्या गाण्यांची नवी रूपं, वर्षानुवर्षं निरोपाचे दौरे, जाहिरातींत तीस वर्षांपूर्वीची चाल, हे सगळं चाळिशीतल्या खिशाकडे पाहून चालतं.

एका निष्कर्षाने मात्र मला फार आनंद दिला. कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्सल आणि त्यांचे सहकारी जस्टिन झुपनिक यांनी 2013 मध्ये विशीतल्या मुलांना 1955 ते 2009 मधली गाजलेली गाणी ऐकवली. त्यांच्या स्वतःच्या वयातली गाणी त्यांना जवळची वाटणार हे ठरलेलंच होतं. पण 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दुसरा उंचवटा निघाला. तेव्हा त्यांचे आईवडील तरुण होते. साठच्या दशकात आणखी एक लहान उंचवटा होता. तो आजी-आजोबांमुळे असेल किंवा त्या दशकाची गाणीच तशी असतील, या दोन्ही शक्यता संशोधकांनी खुल्या ठेवल्या. घरात, गाडीत, स्वयंपाक करताना आईवडिलांनी जे लावलं, ते मुलांच्या आठवणीत जाऊन बसलं, मुलं 'हे काय जुनं' म्हणत असतानासुद्धा.

ही आठवण किती खोल जाते हे स्मृतिभ्रंश झालेल्यांकडे पाहून कळतं. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांना 2015 मध्ये आढळलं की खूप जुन्या ओळखीच्या गाण्यांशी निगडित मेंदूचे भाग अल्झायमरमध्ये इतर भागांपेक्षा उशिरा खराब होतात. म्हणून नावं विसरलेली व्यक्तीही कधी कधी पूर्ण कडवं म्हणते. गाण्याने आजार बरा होत नाही आणि गेलेली स्मृती परतत नाही. पण बेचैनी उतरते, डोळ्याला डोळा भिडतो, आणि काळजी घेणाऱ्यालाही थोडा विसावा मिळतो.

घरात कोणी वयस्कर व्यक्ती असेल तर त्यांच्या गाण्यांची यादी आजच करायला घ्या, त्या स्वतः सांगू शकतात तोवर. जन्मसालात चौदा मिळवा आणि तिथून दहा-बारा वर्षं पुढे जा, बहुतेक गाणी तिथेच सापडतील. त्यांच्या आईवडिलांच्या तोंडी असलेलीही विचारा. 'तुमचं आवडतं गाणं कोणतं' या प्रश्नाला फारसं उत्तर मिळत नाही. त्यापेक्षा त्या काळातलं एखादं लावा आणि थांबा, पुढचं नाव त्या आपणहून घेतील. प्रत्येक गाण्यापुढे ते कुठे आणि कोणाबरोबर ऐकलं होतं हे लिहून ठेवा. काही गाणी त्यांना त्रासही देतात, एखाद्या मृत्यूशी किंवा फसवणुकीशी जोडलेली असतात, ती वेगळी काढा. पुढे त्यांना सांगता येईनासं झालं की गाणी लावणाऱ्याला त्या यादीखेरीज दुसरा आधार नसेल.